ताण बसला की जास्त झाला? संत्रा बागेतील खोड-सेन्सरच्या दोन हंगामांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अमरावती जिल्ह्याच्या वरुड-मोर्शी पट्ट्यातील एका संत्रा बागेत सलग दोन आंबिया बहारांमध्ये, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या बहाराच्या हंगामांत, झाडांच्या खोडावर सेन्सर लावून पाण्याचा ताण मोजण्यात आला. त्या दोन हंगामांत घेतलेले निर्णय, त्यांतील चुका आणि त्यांचे परिणाम येथे मांडले आहेत. शेतकरी कुटुंबाची आणि गावाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. या प्रकरणात मी सल्लागार म्हणून सहभागी होतो, त्यामुळे पुढे नोंदवलेल्या चुकांपैकी एक मोठी चूक माझी स्वतःची आहे.

नागपुरी संत्र्याची गोष्ट इतर बऱ्याच फळझाडांपेक्षा वेगळी आहे, कारण येथे ताण हा केवळ टाळायचा नसतो, तो मुद्दाम द्यावाही लागतो. आंबिया बहारासाठी पावसाळा सरल्यावर झाडाचे पाणी तोडतात, वाढ थांबवतात आणि पाने फिकी पडून थोडी पानगळ झाली की हलके पाणी देऊन ताण तोडतात. त्यानंतर तीन-चार आठवड्यांत नवतीबरोबर, म्हणजे नव्या पालवीबरोबर, फुले येतात. ताण कमी पडला तर नुसती नवती फुटते आणि बहार हुकतो. ताण जास्त झाला तर पानगळ वाढते, बारीक फांद्या वाळतात, आणि फुले भरपूर आली तरी ती पोसण्याइतकी पाने झाडावर उरत नाहीत. हलक्या जमिनीत हा काळ महिनाभराचा किंवा त्याहून कमी, तर भारी काळ्या जमिनीत दीड ते दोन महिन्यांचा असतो. जमिनीचा पोत पाहून ताणाचे दिवस ठरवावेत, असे नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ सांगत आले आहेत. अडचण अशी की जमिनीचा पोत बांधाप्रमाणे बदलत नाही. तो एकाच बागेत, कधी एकाच ओळीत बदलतो.

ही बाग 6 एकरांची असून तिच्यातील 11 वर्षांची झाडे जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा भरून, म्हणजे कलम करून, तयार केलेली आहेत. लागवड 6 × 6 मीटरवर, म्हणजे एकरी साधारण 110 झाडे. नाल्याकडची सुमारे अडीच एकर जमीन उथळ आणि मुरमाड आहे, तर उरलेली साडेतीन एकर खोल काळी आहे. पाण्यासाठी एक विहीर आणि एक खोल बोअर. वरुड तालुका भूजलाच्या अतिउपशासाठी वर्षानुवर्षे ओळखला जातो, आणि या बागेचा बोअरही एप्रिलअखेरपासून थांबून थांबून चालतो. ठिबकाची मुख्य नळी आणि व्हॉल्व्ह संपूर्ण बागेला एकच. बाग वडिलांनी उभी केली आणि आता ते व त्यांचा पदवीधर मुलगा मिळून ती पाहतात.

अडचण

सेन्सर येण्याआधीच्या दोन वर्षांत बागेत एकच चित्र दिसले होते. सगळ्या बागेचे पाणी एकाच दिवशी तोडले आणि एकाच दिवशी सोडले गेले. पहिल्या वर्षी वडिलांनी काळ्या भागाकडे पाहून ताण लांबवला, तेव्हा नाल्याकडच्या झाडांची निम्म्याहून अधिक पाने गळली आणि पुढे त्यांवर वाळलेल्या फांद्यांची, म्हणजे सलीची, छाटणी करावी लागली. दुसऱ्या वर्षी मुलाने नाल्याकडची झाडे वाचवण्यासाठी ताण लवकर तोडला, तर काळ्या भागात नवती जोमाने फुटली आणि फुले तुरळक आली. दोघांचाही निर्णय आपापल्या जागी बरोबर होता. प्रत्येकाने बागेचा अर्धाच भाग पाहिला होता, एवढेच.

वडील ताणाचा अंदाज पानांवरून घेत. दुपारी पान वळते, रंग फिका होतो, हाताला जाडसर लागते. आणि सकाळी ते पुन्हा सरळ झाले तर झाडात अजून दम आहे असे ते समजत. ही कसोटी चुकीची नाही, उलट वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती बरीच पक्की आहे, कारण रात्री झाड जमिनीच्या ओलाव्याशी बरोबरी साधते आणि पहाटेचे पान त्या ओलाव्याची साक्ष देते. पण ही कसोटी उशिरा बोलते. पान सकाळीही वळलेले दिसू लागले की ताण तोडण्याची योग्य वेळ बहुधा गेलेली असते. मुलाला हवी होती ती त्याआधीची सूचना.

समोर असलेले पर्याय

पहिला विचार जमिनीतील ओलावा मोजण्याचा झाला. टेन्शिओमीटर, म्हणजे कोरडी जमीन पाणी किती जोराने ओढते ते मोजणारी पाण्याने भरलेली नळी, स्वस्त आहे, समजायला सोपा आहे आणि द्राक्ष बागांत तो रुळलेलाही आहे. मात्र त्यातील पाण्याचा स्तंभ सुमारे 80 ते 85 सेंटिबारच्या ओढीला तुटतो. उन्हाळ्यात झाडाला पाणी कमी पडू नये यासाठी ही मर्यादा पुरेशी असते, पण मुद्दाम दिलेल्या ताणात जमीन त्यापलीकडे जाते, म्हणजे नेमक्या गरजेच्या दिवसांत उपकरण मुके होते. जिप्सम ब्लॉकच्या जातीचे सेन्सर अधिक कोरड्या जमिनीतही वाचन देतात. पण मुरमाड जमिनीत ते मातीला नीट चिकटून बसत नाहीत, आणि मुळे ज्या खोलीवर पाणी शोधतात त्या खोलीवर ते पोचवणे काळ्या जमिनीत सोपे नसते.

दुसरा पर्याय प्रेशर चेंबरचा होता. झाडाचे एक पान तासभर चांदीसारख्या कागदाच्या पिशवीत बंद करून ठेवायचे, दुपारी ते तोडून चेंबरमध्ये घालायचे आणि देठातून रस बाहेर येईपर्यंत नायट्रोजनचा दाब वाढवायचा. हा दाब म्हणजे खोडातील पाण्याला बसलेली ओढ, शास्त्रीय भाषेत खोडाचे जलविभव. पुरेसे पाणी असलेल्या लिंबूवर्गीय झाडात दुपारी ते उणे 1 मेगापास्कलच्या आसपास असते, आणि उणे 2 च्या खाली गेले की ताण तीव्र समजतात. या मोजणीवर विश्वास ठेवता येतो, पण ती दर दिवशी कोण करणार? चेंबर माझ्याकडे होता आणि मी 40 किलोमीटरवर राहत होतो.

झाडातील रसाचा प्रवाह मोजणारे सेन्सर उष्णतेवर चालतात, त्यांना सतत वीज लागते, म्हणून ते बाजूला पडले. ड्रोनवरून पानांचे तापमान घेण्याची सेवा जवळच्या शहरात मिळत होती. पण तिच्यातून एका दिवसाचे चित्र मिळाले असते, आणि आम्हाला दिवसामागून दिवस जाणारी रेषा हवी होती.

त्यामुळे निवड खोडाचा व्यास मोजणाऱ्या सेन्सरवर, म्हणजे डेंड्रोमीटरवर, येऊन थांबली. त्याचे तत्त्व साधे आहे. दिवसा पाने जेवढे पाणी उडवतात तेवढे मुळे लगेच पुरवू शकत नाहीत, तेव्हा सालीच्या जिवंत थरातील पाणी आत ओढले जाते आणि खोड काही मायक्रॉनांनी आक्रसते. रात्री ते पुन्हा भरते. पहाटेचा सर्वांत मोठा व्यास आणि दुपारनंतरचा सर्वांत लहान व्यास यांतील फरक म्हणजे त्या दिवसाचे आक्रसणे. तहान वाढली की हा फरक वाढतो. पहिल्या हंगामात आमचे सगळे निर्णय या शेवटच्या वाक्यावर उभे होते, आणि ते वाक्य अर्धेच खरे आहे.

बसवणी

चार झाडे निवडली, दोन मुरमाड भागात आणि दोन काळ्या भागात. खरे तर अशा कामात काही झाडांना नेहमीप्रमाणे पाणी देत राहून त्यांच्याशी तुलना करायची असते. हवा कोरडी झाली, थंडी कमी-जास्त झाली तरी आक्रसणे बदलते, आणि पाणी मिळणारे झाड शेजारी नसेल तर बदल हवेमुळे झाला की ताणामुळे हे सांगता येत नाही. मी हे सुचवले होते. वडील म्हणाले, पाणी दिलेल्या झाडांचा बहार हुकेल, तो कोणी भरून द्यायचा? दोन झाडांचा प्रश्न होता, 660 झाडांपैकी. मी आग्रह धरला नाही. सेन्सरचा खर्चच त्या वर्षीच्या फवारण्यांच्या खर्चाहून अधिक झाला होता, त्यामुळे आणखी एक मागणी पुढे करण्याचा मला संकोच वाटला.

बसवताना पुस्तकात न सापडणारी एक अडचण आली. डिंक्या रोगाला आळा घालण्यासाठी संत्र्याच्या खोडाला पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो मलम लावतात. वर्षानुवर्षांच्या मलमाचा जाड थर खोडावर होता, आणि सेन्सरचे टोक त्यावर टेकले होते. पहिल्या तीन दिवसांत एका झाडाचा व्यास पहाटे दव पडले की वाढे आणि ऊन आले की घटे, पाण्याशी काही संबंध नसताना. मलम आणि मेलेली साल दव पिऊन फुगत होती. सेन्सर काढून तेवढी जागा पात्याने हलकेच खरवडली, जिवंत सालीला धक्का लागू दिला नाही, आणि टोक पुन्हा बसवले. सेन्सर डोळ्याच्या सांध्याच्या वर, उत्तरेच्या बाजूला बसवून त्यावर चकचकीत कागदाचे आवरण घातले, कारण थेट ऊन पडले तर धातूची चौकटही तापून पसरते. वानरांनी दुसऱ्याच आठवड्यात एक वायर तोडली. पुढे वायर जमिनीतून पाइपात घालून नेली.

पहिला हंगाम आणि हिरवा रंग

पाणी 5 डिसेंबरला तोडले. त्याआधीच्या दहा दिवसांत रोजचे आक्रसणे चारही झाडांत 80 ते 100 मायक्रॉनांच्या दरम्यान होते. मुरमाड भागात ते वाढत जाऊन 16 व्या दिवशी 230 वर पोचले. काळ्या भागात ते अजून 120 च्या आतच होते. इथपर्यंत सगळे अपेक्षेप्रमाणे चालले होते, आणि दोन भागांतील फरक पहिल्यांदाच आकड्यांत दिसल्याने मुलगा उत्साहात होता.

त्यानंतर मुरमाड भागातील आक्रसणे कमी होऊ लागले. 22 व्या दिवशी ते 115 वर आले. मोबाइल ॲपमध्ये पुरवठादाराने दिलेल्या मर्यादेप्रमाणे 200 च्या वर लाल, 120 च्या खाली हिरवा असे रंग होते, त्यामुळे नाल्याकडची झाडे हिरवी दिसू लागली. मुलाने त्याचा अर्थ असा लावला की थंडी वाढल्याने झाडाची तहान कमी झाली आहे आणि ताण अजून पुरता बसायचा आहे. त्याने मला फोन केला. मी वाचने मागवली, आक्रसण्याचा आलेख पाहिला आणि थंडीचे कारण मलाही पटले. शेजारी पाणी दिलेले झाड असते तर दोन मिनिटांत कळले असते की थंडीने त्या झाडाचे आक्रसणे जवळजवळ बदललेले नाही.

वडील मात्र 23 व्या दिवसापासून म्हणत होते, "सकाळीबी पान उठत नाही राजा, पाणी सोड आता." मुलगा त्यांना ॲपचा हिरवा रंग दाखवत होता. हा वाद चार दिवस चालला.

शेवटी 1 जानेवारीला मी चेंबर घेऊन बागेत गेलो. मुरमाड भागात दुपारचे जलविभव उणे 2.6 मेगापास्कल आले, काळ्या भागात उणे 1.4. नाल्याकडच्या झाडांचा ताण तीव्र होता आणि ॲप त्यांना हिरवे दाखवत होते.

याचे कारण झाडाच्या शरीरात आहे. ताण एका मर्यादेपर्यंत वाढतो तोवर आक्रसणे वाढते. पुढे झाड पर्णरंध्रे बहुतेक वेळ बंद ठेवते, पाणी उडणेच कमी होते आणि सालीत ओढून घेण्यासारखे पाणीही उरत नाही. मग रोजचे आक्रसणे पुन्हा घटते. तृप्त झाड आणि गळून गेलेले झाड, दोघेही कमी आक्रसतात. या दोघांना वेगळे करते ती दुसरी रेषा, पहाटेच्या सर्वांत मोठ्या व्यासाची. झाड सावरत असेल तर पहाटेचा व्यास दिवसागणिक वाढतो, आणि ते खचत असेल तर रात्रभर भरूनही तो कालच्या पातळीला पोचत नाही. मुरमाड भागात पहाटेचा व्यास पाणी तोडल्यापासून जवळपास 300 मायक्रॉनांनी खाली आला होता. ही रेषा डेटालॉगरमध्ये होती, ॲपच्या दुसऱ्या पानावर होती, आणि आमच्यापैकी कोणीही ती उघडून पाहिली नव्हती. वडिलांचे सकाळचे पान नेमके हेच सांगत होते.

पाणी सोडणे आणि अवकाळी पाऊस

त्या संध्याकाळचा प्रश्न असा होता की एका व्हॉल्व्हवर अर्ध्या बागेला पाणी कसे द्यायचे. सगळ्या बागेचा ताण तोडला असता तर काळ्या भागाचा बहार मागल्या वर्षीसारखाच हुकला असता. शेवटी काळ्या भागातील प्रत्येक लॅटरलचे, म्हणजे ओळीतील ठिबक नळीचे, तोंड दुमडून बांधले. दोन मजूर आणि मुलगा मिळून हे काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालले, आणि 28 व्या दिवशी मुरमाड भागात हलके पाणी सुटले. पाणी एकदम जोराने दिले नाही. पहिल्या आठवड्यात थोडे थोडे करून ते नेहमीच्या प्रमाणावर आणले. तीन दिवसांत पहाटेचा व्यास वर चढू लागला.

काळ्या भागाचा ताण चालू असताना 38 व्या दिवशी अवकाळी पाऊस आला आणि दोन दिवस रिपरिपत राहिला. आक्रसणे जवळजवळ शून्यावर आले. या वेळी मात्र आम्ही त्यावरून निष्कर्ष काढला नाही, कारण ढगाळ आणि दमट हवेत कोणतेच झाड फारसे पाणी उडवत नाही, आणि भिजलेली साल स्वतःच फुगते. पावसाने नवती फुटू नये म्हणून वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाटची फवारणी लगेच करावी, असे शेजारच्या शेतकऱ्यांचे मत होते आणि तशी प्रथाही आहे. पण पाऊस मुळांपर्यंत खरोखर पोचला का, हे आधी पाहायचे ठरले. चार कोरडे दिवस जाऊ दिले आणि मग चेंबरने मोजले, तर जलविभव उणे 1.2 आले. म्हणजे ताण सैल झाला होता, पण तुटला नव्हता. फवारणी न करता ताण चालू ठेवला आणि 52 व्या दिवशी पाणी दिले. हा निर्णय बरोबर होता असे मी आजही मानतो, पण तो यशस्वी ठरण्यात पुढचे दहा दिवस आभाळ निरभ्र राहिले याचाही वाटा होता.

नाल्याकडच्या भागात फुले खूप आली, पण पानगळ इतकी झाली होती की फेब्रुवारी-मार्चमध्ये बारीक फळे मोठ्या प्रमाणात गळली, आणि काही झाडांवर सल वाढली. काळ्या भागाचा बहार आधीच्या वर्षापेक्षा स्पष्टपणे चांगला होता. पण दोन भागांची फुले जवळपास तीन आठवड्यांच्या अंतराने आल्याने फवारण्या दुप्पट झाल्या, आणि पुढे फळे तोडीला वेगवेगळ्या वेळी आली. व्यापाऱ्याने बाग एकत्र मागितली होती, त्याने भाव पाडला.

दुसरा हंगाम

उन्हाळ्यात बागेचे दोन भाग करून दुसरा व्हॉल्व्ह बसवला. संपूर्ण प्रकरणात सर्वांत उपयोगी खर्च कोणता, असे विचारले तर मी याच व्हॉल्व्हचे नाव घेईन, आणि त्याला सेन्सरची गरज नव्हती. मात्र सेन्सरच्या आकड्यांशिवाय तो बसवण्याची निकड कुटुंबाला पटली नसती.

दुसरा बदल तारखांचा होता. ताण वेगवेगळ्या दिवशी तोडण्याऐवजी तो वेगवेगळ्या दिवशी सुरू करायचा, म्हणजे दोन्ही भागांना पाणी एकाच सुमारास मिळेल आणि फुले बरोबर येतील. हे वडिलांनी सुचवले. सोपे वाटते, पण त्यासाठी कोणत्या भागाला किती दिवस लागतात हे आधी माहीत असावे लागते, आणि ती माहिती पहिल्या हंगामाच्या नोंदींत होती. काळ्या भागाचे पाणी 25 नोव्हेंबरला तोडले, मुरमाड भागाचे 20 डिसेंबरला. काळ्या भागातील आधीच्या बहाराची तोड 20 नोव्हेंबरच्या आत उरकण्यासाठी व्यापाऱ्याशी दोन वेळा बोलावे लागले.

तिसरा बदल तुलनेच्या झाडांचा होता. प्रत्येक भागात एक झाड नेहमीप्रमाणे पाण्यावर ठेवले. आता वडीलच म्हणाले की ती झाडे बांधालगतची घ्या, तिथे तसेही फळ कमी लागते. शास्त्राच्या दृष्टीने बांधावरचे झाड आदर्श नसते, कारण त्याला वारा आणि ऊन जास्त लागते. म्हणून शेवटी बांधापासून दुसऱ्या ओळीतील झाडे घेतली. ॲपमधील रंग बंद केले. रोजचे आक्रसणे थेट न वाचता तुलनेच्या झाडाच्या किती पट आहे ते पाहायचे, त्याबरोबर पहाटेच्या व्यासाची रेषा पाहायची, आणि दर सोमवारी चेंबरने दोन-दोन पानांची पडताळणी करायची असे ठरले. सोमवारची पडताळणी मुलगा शिकला आणि माझ्याकडून चेंबर ताणाच्या काळासाठी घेऊन गेला.

मुरमाड भागात आक्रसणे तुलनेच्या झाडाच्या अडीचपट झाले आणि पहाटेचा व्यास सलग तीन दिवस खाली आला, तेव्हा, म्हणजे 23 व्या दिवशी, 12 जानेवारीला पाणी दिले. काळ्या भागात दुसऱ्या दिवशी, 49 व्या दिवशी. चेंबरचे वाचन दोन्हीकडे उणे 2 च्या आगेमागे होते. फुले एका आठवड्याच्या फरकाने आली.

ओल्या जमिनीतील तहानलेले झाड

एप्रिलमध्ये सेन्सरचे काम उलटे झाले, आता ताण टाळायचा होता. त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात काळ्या भागातील एका झाडाचे आक्रसणे वाढले आणि पहाटेचा व्यास खाली येऊ लागला. तहानेचे हे स्वच्छ लक्षण होते, आणि मुलाने त्या ओळीचे पाणी वाढवायचे ठरवले. पाणी वाढवण्याआधी त्याने आळ्यात हात घालून पाहिले, तर माती ओली होती. त्याने फोन केला. मी एवढेच सांगितले की पाणी वाढवू नकोस, आधी मूळ उकरून पाहा. बारीक मुळांची साल हाताने ओढताच सुटून येत होती आणि बुंध्याजवळ डिंकाचे ओघळ होते. फायटोफ्थोरा बुरशीने मुळे सडवली होती. पाणी होते, पण ते ओढायला मुळे नव्हती. पाणी वाढवले असते तर रोग शेजारच्या झाडांकडे वेगाने सरकला असता. त्या ओळीचे पाणी उलट कमी केले, बुंध्याजवळचे ड्रिपर दूर सरकवले आणि शिफारशीप्रमाणे बुरशीनाशकाची आळवणी केली. ते झाड पुढे गेलेच, पण त्याच्या दोन्ही बाजूंची झाडे तगली.

खोडाचा सेन्सर झाडाची तहान सांगतो, तिचे कारण सांगत नाही. बागेत जमिनीचा ओलावा पाहण्याचे कोणतेच साधन ठेवले नव्हते, आणि मुलाने हात घातला नसता तर आम्ही पहिल्या हंगामासारखीच चूक उलट्या दिशेने केली असती.

निष्पत्ती

दुसऱ्या हंगामात दोन्ही भागांचा बहार एकसारखा आला, नाल्याकडची सल जवळजवळ थांबली आणि व्यापाऱ्याने बाग एकाच भावाने घेतली. उत्पन्न वाढले. त्यातील किती वाढ सेन्सरची, किती वेगळ्या व्हॉल्व्हची, किती तारखा बदलल्याची आणि किती त्या वर्षी जानेवारीत पाऊस न आल्याची, हे एका बागेवरून वेगळे काढता येत नाही, आणि तसा दावा मी करणार नाही. पाण्याच्या बचतीचेही तसेच आहे. उन्हाळ्यात बोअर कमी तास चालला, पण विहिरीला त्या वर्षी पाणीही बरे होते.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या हंगामात तुलनेची झाडे ठेवण्याचा आग्रह मी धरायला हवा होता. दोन झाडांचा बहार ही किंमत शब्दांत सांगून पटत नव्हती. ती मी माझ्या शुल्कातून वजा करण्याची तयारी दाखवली असती, तर बोलणे तिथेच संपले असते.

चेंबरची पहिली फेरी ताणाच्या 14 व्या-15 व्या दिवशी, आक्रसणे चढत असतानाच व्हायला हवी होती, म्हणजे पुढे घसरण दिसली तेव्हा तिचा अर्थ लावायला एक ठाम टेकू मिळाला असता. मी गेलो तो वाद झाल्यावर. सेन्सर रोज वाचन देतो म्हणून माणसाने जायची गरज उरली नाही, असे आम्ही नकळत धरून चाललो होतो.

पुरवठादाराच्या रंगमर्यादा कोणत्या झाडावर आणि कोणत्या हवामानात ठरवल्या होत्या, हे विकत घेतानाच विचारायला हवे होते. नंतर विचारले तेव्हा समाधानकारक उत्तर मिळाले नाही. ताण टाळायच्या बागेत तो रंग कदाचित चालून जाईल, कारण तिथे आक्रसणे सहसा चढत्या बाजूलाच असते. ताण मुद्दाम द्यायच्या बागेत झाड त्या वळणाच्या अगदी जवळ न्यावे लागते, आणि तिथे एकाच आकड्यावर बांधलेला कोणताही रंग उलटतो.

चार झाडांवरून 660 झाडांचा निर्णय घेणे कितपत योग्य, हा आक्षेपही रास्त आहे. मुरमाड आणि काळ्या जमिनीच्या सीमेवरच्या दोन ओळी दोन्ही हंगामांत कुठल्याच गटात नीट बसल्या नाहीत. त्यांना काळ्या भागाचे पाणी मिळते आणि त्यांची पाने मुरमाड भागासारखी वळतात. तिसऱ्या हंगामासाठी मुलाला तिथे एक सेन्सर हलवायचा आहे. वडिलांचे म्हणणे आहे की त्या ओळींत आधी खड्डे घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे, मग सेन्सरचे ठरवू. खड्डे दिवाळीनंतर घेणार आहेत.